लाखोळी, तिवडा, खेसरी : जबलपूरच्या वाटेवर सापडलेला एका डाळीचा अपराध

जबलपूरच्या सदर भागाची ओळख आज छावणीचा बाजार अशी आहे. या छावणीच्या परिसरातील बडा शिमला टेकडीवर १८२८ साली कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन यांना काही अश्मीभूत हाडे सापडली. भारतातील डायनोसॉरच्या अवशेषांची ही पहिली नोंद, हे विज्ञानाच्या वाचकांना ठाऊक असते. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी ही स्लीमन यांची दुसरी ओळख तर सर्वश्रुतच आहे. मात्र वैद्यकाच्या इतिहासात त्यांच्या नावावर आणखी एक नोंद आहे आणि तिची आठवण क्वचितच निघते.

१८३५ सालच्या नोव्हेंबरात प्रकृती खालावलेले स्लीमन जबलपूर सोडून सागर, बुंदेलखंड आणि ग्वाल्हेरच्या मार्गाने मेरठकडे निघाले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी पुढे १८४४मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वाटेत एका गावी त्यांच्या तंबूभोवती तरुण मुलांची गर्दी जमली. कोणी काठीच्या आधाराने आला होता, तर कोणाला मुळीच चालता येत नव्हते. अंगापिंडाने धडधाकट, बोलण्यात शहाणी, चांगल्या घरची ही मुले होती; पण कमरेखालचे शरीर त्यांच्या ताब्यात राहिले नव्हते. काही उपाय सांगा, अशी त्यांची विनवणी होती. स्लीमन वैद्य नव्हते. त्यांनी उपाय सांगितला नाही, परंतु एका दक्ष महसुली अधिकाऱ्याला जे जमते ते केले. त्यांनी विचारपूस केली आणि घटनांचा क्रम लावला.

तो क्रम असा होता. १८२९मध्ये गारपिटीने गहू गेला. १८३०मध्ये पाऊस वेळेवर न झाल्याने पीक तुटपुंजे आले. १८३१मध्ये उभा गहू रोगाने करपला. या तिन्ही वर्षी गव्हाच्या शेतात आपोआप उगवणारी एक कडधान्याची वेल मात्र जोमाने वाढत राहिली. एरवी ती गुरांना चारण्यापुरती ठेवली जाई. त्या मुलखात तिला ‘तिवडा’ किंवा ‘तेवरी’ म्हणत, अन्यत्र ‘खेसरी’. गहू नाही म्हटल्यावर माणसांनी तिचे दाणे खाल्ले आणि पुढचे वर्षही त्याच दाण्यांवर काढले. १८३३मध्ये पाय जाऊ लागले. तिशीच्या आतील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी दोन वर्षांत बाधित झाली. मुलींपेक्षा मुलगे अधिक. अनेकांना तर रात्री झोपेत असतानाच विकार जडला. १८३४नंतर नवा रोगी आढळला नाही, आणि जे एकदा पांगळे झाले त्यांतील एकही बरा झाला नाही.

आजच्या साथरोगशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही नोंद लक्षपूर्वक वाचावी. संशयित अन्न, ते खाण्याचा काळ, लक्षणांपूर्वीचा विलंब, वयोगट, स्त्री-पुरुषांतील फरक, अन्न बदलल्यावर साथीचे थांबणे आणि आसपासच्या गावांशी तुलना हे सारे तिच्यात आहे. तिवडा अधिक खाल्लेली गुरे आणि घोडेही पायांनी अधू होतात, हे गावकऱ्यांचे मतही स्लीमन यांनी टिपून ठेवले. म्हणजे निदान गावाने आधीच केले होते आणि अधिकाऱ्याने ते लिहून काढले. याचे श्रेय मात्र इतिहासात लेखणी धरणाऱ्याला मिळाले.

ही वनस्पती म्हणजे लॅथिरस सॅटायव्हस. मराठी वाचकाला ती ‘लाख’ किंवा ‘लाखोळी’ या नावाने परिचित आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात हिचे पीक जुनेच आहे. धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतल्या ओलाव्यातच बी फेकून द्यायचे. नांगर नाही, खत नाही, पुढे पाणीही नाही. धान निघाले की लाखोळी वर येते. चिखल साचला तरी ती सोसते आणि जमीन भेगाळली तरी तग धरते. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण पाव भागाहून अधिक असते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, वाळलेल्या पाल्याचा चारा होतो. कोरडवाहू शेतकऱ्याने याहून अधिक काय मागावे? दोष इतकाच की दुष्काळात दुसरे काही उरत नाही, तेव्हाही ही वेल उभीच असते.

हा दोष युरोपलाही अपरिचित नव्हता. जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१मध्ये या दाण्याच्या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली होती. नेपोलियनच्या युद्धकाळात माद्रिदवर दुष्काळ कोसळला, तेव्हा गरिबांनी याच पिठाच्या पेजेवर दिवस काढले. फ्रान्सिस्को गोयाच्या एका मुद्राचित्राचे शीर्षकच या दाण्याचे आभार मानणारे आहे. नेपल्सचे वैद्य कँटानी यांनी १८७३मध्ये या विकाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. भारतात त्याआधीच अलाहाबादचे सिव्हिल सर्जन जेम्स आयर्व्हिंग यांनी बारा परगण्यातील पांगळ्यांविषयी १८५९पासून अहवाल लिहिले होते. नामकरण नेपल्समध्ये झाले खरे, पण रोगी गंगा, यमुना आणि नर्मदेच्या खोऱ्यांत मोजले जात होते.

जबलपूर आणि विदर्भ यांचा प्रशासकीय संबंध येथे लक्षात घ्यावा लागतो. १८१७च्या डिसेंबरापर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होते. इंग्रजांनी ते घेतल्यावर सागर-नर्मदा प्रदेशात घातले आणि १८६१मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यावर त्याची राजधानी पुन्हा नागपूरच झाली. त्यामुळे १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या भीषण दुष्काळांनंतर जेव्हा पांगळ्यांची नवी पिढी दिसू लागली, तेव्हा तिचा अहवाल नागपुरात छापला गेला. मेजर बुकॅनन यांचा मध्य प्रांतातील लॅथिरिझमविषयीचा हा अहवाल १८९६ ते १९०२ या काळासंबंधी असून तो १९०४मध्ये प्रसिद्ध झाला. सत्तर वर्षांपूर्वी स्लीमन यांनी एका गावात जे पाहिले, ते आता प्रांताच्या पातळीवर नोंदले गेले.

रोगाचे स्वरूप ठरलेले आहे. पोटऱ्यांत गोळे येतात, पाय जड वाटतात, गुडघे ताठ होतात. रोगी टाचा उचलून चवड्यांवर चालतो आणि चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पुढे एक काठी लागते, नंतर दोन, आणि अखेरीस माणूस बुडावर सरपटतो. डॉक्टर रोगाच्या पायऱ्याही याच काठ्यांवरून मोजतात. स्पर्शज्ञान सहसा शाबूत असते आणि बुद्धी पूर्ण शाबूत असते. मेंदूकडून कण्यामार्गे पायांकडे आज्ञा नेणारे सर्वांत लांबीचे तंतू तेवढे निकामी होतात. हा विकार वाढत जात नाही, पण मागेही फिरत नाही.

कारण शोधताना विज्ञान दोनदा आडवाटेला गेले. १९२५मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसेन यांनी दोष खेसरीचा नसून तिच्यात मिसळणाऱ्या ‘अकटा’ नावाच्या तणाच्या बियांचा आहे, असे प्रतिपादन केले. हे मत बराच काळ टिकले. पुढे १९५०च्या दशकात लॅथिरस कुळातीलच बागेतल्या गोड वाटाण्यातून एक विषारी द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते खाऊन उंदरांची हाडे वाकत, पण मज्जासंस्थेच्या विकाराशी त्याचा संबंध नव्हता. कुळ एकच असले तरी विषे निराळी निघाली.

खरा उलगडा भारतीय प्रयोगशाळांत झाला, आणि येथेच आकडीचा म्हणजे अपस्मारातील झटक्यांचा विषय या कथेत प्रवेश करतो. खेसरी चारून प्रौढ प्राण्यांना पांगळे करण्याचे प्रयत्न फसत होते. १९६३मध्ये हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील रॉय, नागराजन आणि सी. गोपालन यांनी खेसरीचा अर्क कोंबडीच्या पिलांना टोचला. पिलांच्या माना वळल्या, अंग ताठ झाले, त्यांना झटके येऊ लागले. आता शोधणाऱ्यांच्या हाती एक कसोटी आली: अर्काचा जो अंश पिलांना झटके आणतो, त्यातच विष असले पाहिजे. पुढच्याच वर्षी, १९६४मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एस. एल. एन. राव, अडिगा आणि पी. एस. शर्मा यांनी ते द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याच वर्षी दिल्लीच्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे तोच पदार्थ हस्तगत केला. हे एक अमिनो आम्ल आहे, पण प्रथिनांत न सापडणारे. त्याचे नाव लांबलचक असल्याने सर्वत्र ‘ओडॅप’ हे संक्षिप्त रूप रूढ झाले.

ओडॅप चेतापेशींना फसवते. मेंदूत ग्लुटामेट नावाचा संदेशवाहक रेणू असतो. तो समोरच्या पेशीच्या ग्राहीवर बसला की पेशी उत्तेजित होते. ओडॅपची घडण ग्लुटामेटशी मिळतीजुळती असल्याने ते ‘अँपा’ या प्रकारच्या ग्राहींवर जाऊन बसते आणि पेशीला सतत उत्तेजित ठेवते. १९६६मध्ये वॉटकिन्स, कर्टिस आणि बिस्को यांनी चेतापेशींवरील हा उत्तेजक परिणाम दाखवला. १९८६मध्ये पीटर स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांतून ओडॅपचा लॅथिरिझमशी संबंध अधिक स्पष्ट केला. त्या लेखाच्या लेखकांत द्विवेदी हे मध्य प्रदेशातील रोग्यांचा दीर्घ अभ्यास केलेले वैद्यही होते. अतिउत्तेजनाने पेशी थकते आणि अखेर मरते. पिलांच्या मेंदूत हे काही तासांत घडते, कारण त्यांच्या मेंदूभोवतीचा रक्त-मेंदू अडसर अजून पक्का झालेला नसतो. प्रौढ माणसात हा अडसर पक्का असतो; विष थोडे थोडे झिरपते आणि महिनोन्‌महिने झिरपत राहिले तर लांब तंतू बळी पडतात. म्हणून पिलाला आकडी येते, माणसाचे पाय जातात. पायांचेच तंतू का, आणि पुरुषच अधिक का, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही.

या ग्राहीचा पुढचा इतिहास विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. अँपा ग्राही अति चेतवल्याने झटके येत असतील तर तो रोखल्याने थांबतील काय? पेरॅम्पॅनेल हे याच ग्राहीला रोखणारे औषध २०१२मध्ये अपस्मारासाठी मान्य झाले. आहाराकडूनही एक वाट तेथेच पोहोचते. उपासाने झटके कमी होतात, हा जुना अनुभव होता. त्याच्या आधारे १९२१मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी स्निग्धांश भरपूर आणि पिष्ट अत्यल्प असा ‘कीटोजनिक’ आहार सुचवला. औषधांना दाद न देणाऱ्या बालकांच्या अपस्मारात तो आजही भारतासह जगभर वापरला जातो. १९७१मध्ये त्याचा मध्यम साखळीच्या मेदाम्लांवर आधारलेला प्रकार आला. २०१६मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवले की त्या आहारातील डेकॅनॉइक आम्ल थेट अँपा ग्राहींनाच मंदावते. एका दाण्यातले द्रव्य ज्या ग्राहीला चेतवते, त्यालाच एका तेलातले द्रव्य आवरते. अर्थात हा आहार म्हणजे औषधोपचारच आहे. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीविना तो घरी सुरू करणे किंवा चालू औषधे बंद करणे धोक्याचे आहे.

अन्नामुळे मज्जासंस्थेला इजा झाली की आज सरसकट ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरला जातो. लॅथिरिझम ही ॲलर्जी नव्हे. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते. ती काहींनाच होते आणि त्यांना चिमूटभर पदार्थही पुरतो. विष कोणालाही बाधते, प्रश्न फक्त मात्रेचा असतो. तिसरा प्रकार सीलिॲक रोगाचा. त्यात गव्हातील ग्लुटेनमुळे प्रतिकारयंत्रणा आतड्यावर उलटते, आणि अशा काही रोग्यांत मेंदूच्या मागील भागात कॅल्शियमचे साठे व अपस्मार आढळल्याचे इटलीतील संशोधकांनी १९९२मध्ये मांडले. तेथे गहू वर्ज्य केल्याने काहींना लाभही होतो. परंतु साध्या अन्न-ॲलर्जीमुळे अपस्मार जडतो, याला भक्कम पुरावा नाही. हा भेद न पाळता दूध, गहू, शेंगदाणे एकामागून एक बंद करत गेल्यास मुलाचे पोषणच ढासळते.

आता पुन्हा मात्रेकडे वळावे लागते, कारण या डाळीचे सारे राजकारण मात्रेभोवतीच फिरते. दोन-तीन महिने किंवा अधिक काळ आहाराचा मोठा हिस्सा लाखोळीचाच असेल, तेव्हा पाय जातात. भात-पोळीबरोबर वाटीभर वरण खाणाऱ्यास तो धोका नसतो. गहू-ज्वारीसारख्या धान्यांतील गंधकयुक्त अमिनो आम्ले काही प्रमाणात संरक्षण देतात, असे इथिओपियातील साथींच्या अभ्यासातून दिसले. डाळ भिजवून, उकळून ते पाणी ओतून दिल्यास ओडॅपचा बराचसा अंश निघून जातो. पण ज्याच्या घरी धान्य नाही आणि पाणीही दुरून आणावे लागते, त्याने हे सल्ले कसे पाळायचे?

रीवा आणि सतना भागांत हा प्रश्न फार बोचरा होता. तेथे वेठबिगारांना मजुरीच खेसरीमिश्रित धान्यात दिली जाई. द्विवेदी आणि प्रसाद यांनी १९६४मध्ये रीवा जिल्ह्यातील रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मालकाच्या ताटात गहू आणि मजुराच्या ताटात तिवडा, एवढा फरक रोगाच्या नकाशासाठी पुरेसा होता. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांना हीच डाळ खाऊ घालण्यात आली. त्यांच्यातीलच डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखून तिचा शेवट होण्यासाठी धडपड केली. तेथे कुंपण तारांचे होते, रीव्यात कर्जाचे.

१९६१मध्ये केंद्राने भेसळ प्रतिबंधाच्या नियमांखाली खेसरीच्या विक्रीवर बंदी घातली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली. बंदी विक्रीवर होती, पेरणीवर नव्हती. मध्य प्रदेश, बिहार आणि बंगालमध्ये पीक चालूच राहिले. दाणा एका बाजूने उतरता, काहीसा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा असतो, त्यामुळे डोळ्याने ओळखता येतो. दळून बेसनात गेला की ओळख संपते. बंदीने स्वस्त डाळ चोरवाटेने महाग डाळीत मिसळण्याचा धंदा मात्र किफायतशीर केला. महाराष्ट्रात नागपूरचे पोषणतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, उपोषणेही केली. विदर्भातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी इतर धान्यांबरोबर खात आली आहेत, मग रोगी कोठे आहेत, हा त्यांचा प्रश्न होता. २००८मध्ये राज्य शासनाने बंदी उठवली. केंद्राच्या २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत निर्बंध तसाच राहिला. जानेवारी २०१६मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी ओडॅप कमी असलेल्या रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना अनुकूलता दर्शवल्याची वार्ता आली आणि वाद पुन्हा पेटला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रोगी दिसत नाहीत हे खरे. पण ते का दिसत नाहीत? खेसरी निर्दोष ठरली म्हणून नव्हे, तर गहू-तांदूळ स्वस्तात मिळू लागला, १९७६च्या कायद्याने वेठबिगारी बेकायदा ठरली आणि मजुरीचे स्वरूप बदलले म्हणून. मात्रा बंदीने घटलेली नाही. ती शिधापत्रिकेने घटवली, असे म्हणणे सत्याच्या अधिक जवळ जाईल. उलट, बंदी कायम ठेवल्याने धानपट्ट्यातील लहान शेतकऱ्याचे एक पीक उगाच गुन्हेगार ठरते, हेही तितकेच खरे.

नव्या वाणांवर विसंबताना दोन अडचणी विसरता येत नाहीत. पहिली अडचण वनस्पतीच्या स्वभावातच आहे: दुष्काळाचा ताण पडला की दाण्यातील ओडॅप वाढते. म्हणजे ज्या वर्षी गरीब माणूस केवळ याच दाण्यावर जगणार, त्याच वर्षी तो दाणा अधिक विषारी होण्याची शक्यता असते. स्लीमन यांच्या गावाने बहुधा हेच भोगले. २०२३मध्ये इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरमधील संशोधकांनी, जनुकसंचाच्या आधारे, वनस्पती ओडॅप कसे बनवते यातील निर्णायक विकरांची जोडगोळी दाखवून दिली. त्यामुळे विष अत्यल्प बनवणारे वाण घडवण्याची वाट अधिक स्पष्ट झाली आहे. दुसरी अडचण शेतातली आहे. लाखोळी मुख्यतः स्वपरागित असली तरी मधमाश्या फुलांवर येतात आणि शेजारच्या जुन्या वाणाचे पराग घेऊन जातात. शेतकरी दरवर्षी नवे बी विकत घेत नाही, घरचेच राखून ठेवतो. काही हंगामांनी कमी विषाचे आणि अधिक विषाचे दाणे एकाच पोत्यात येतात. दोन्हींचा रंग तोच, आकार तोच, बाजारातील भावही तोच.